प्यादेमातीपायी गेलेल्या दोन खोल्या

आमच्या ह्यांचा धंदा बुद्धिबळाचा होता. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "हा काय धंदा झाला बाई?" झाला. पहिलवानाचा असतो तसाच. पहिलवानाला निदान दूध-तूप मिळतं. बुद्धिबळवाल्याला मिळते शाबासकी, आणि ती ऐकायला त्याची बायको चुलीपाशी रिकामं पातेलं घेऊन बसलेली असते.

माझे वडील अकोल्याकडच्या एका खेड्यात पंतोजी होते. मुलांच्या मागे भिंतीला टेकून मी लिहायला शिकले, तीसपर्यंत पाढे शिकले, मग माझं लग्न ठरलं आणि पाटी धाकट्या भावाला गेली. हे मला पाहायला आले तेव्हा देण्याघेण्याचं बोलले नाहीत. त्यांनी माझं अक्षर पाहायला मागितलं. आई महिनाभर गावात सांगत होती की जावई विद्येचा भुकेला आहे. विद्येचा कसला, त्यांना फुकटचा लेखनिक हवा होता. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे कोरी वही ठेवली आणि म्हणाले, "मी सांगतो, तू लिहीत जा."

हे खेळ शिकले अचलपुरात, एका म्हाताऱ्या उस्तादाकडे. तो उस्ताद नवाबाच्या पदरी होता, आणि नवाबी गेल्यावर तंबाखू विकायचा. त्याच्याकडून ह्यांनी सगळं उचललं. पटाकडे पाठ करून खेळायचे. समोरच्यानं खेळी सांगायची, ह्यांनी भिंतीकडे बघून उत्तर द्यायचं. गावोगाव देशमुखांकडे, वकिलांकडे जायचे, चार दिवस राहायचे, खेळायचे, घरच्या मुलांना शिकवायचे आणि उपरणं घेऊन परत यायचे. आमच्याकडे उपरणी पुष्कळ होती. ज्वारी नसायची.

मग अमेरिकेत लढाई लागली आणि आमच्या वऱ्हाडाच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. अमेरिका कुठे आहे हे आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हतं. पण ती लढाई चालू राहावी म्हणून लोक देवापुढे नारळ फोडत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिकडे माणसं मरत होती आणि इकडे आम्ही प्रसाद वाटत होतो. गाड्यांच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकल्या असं आता सांगतात. त्या मी पाहिल्या नाहीत. मी पाहिलं ते असं, की ज्याच्याकडे नवा पैसा आला त्याला राजासारखं काहीतरी पाळावंसं वाटू लागलं. कोणी पहिलवान पाळला, कोणी गाणारी आणली, कोणी शंकरपटात पळणाऱ्या बैलांची जोडी घेतली.

अमरावतीत परकोटाच्या आत एक कापसाचे शेठ होते. त्यांनी बैलही पाळून पाहिले. दोन वर्षं शंकरपटात त्यांची जोडी मागे राहिली, लोक हसले, तेव्हा त्यांनी बैल विकले. मग कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की एक पंडित आहे, त्याच्यापुढे कोणी टिकत नाही, त्याला पेंड लागत नाही आणि त्याचा पायही मुरगळत नाही. असे आम्ही शेठच्या वाड्यामागच्या दोन खोल्यांत आलो. वर धान्य मिळायचं. त्या बदल्यात ह्यांनी रोज ओसरीवर पट मांडायचा, आलेल्या पाहुण्यांना हरवायचं आणि शेठशी हरायचं.

हरायचं म्हणजे पटकन नाही. शेठला घाम फुटला पाहिजे आणि मग ते जिंकले पाहिजेत. हे त्यात पटाईत होते. मी एकदा म्हटलं, "लाज नाही वाटत?" तर म्हणाले, "मालकाशी हरणं हा खेळ नव्हे, चाकरी आहे. खरा डाव आला की बघशील." मी बघितला तो खरा डाव.

त्या ओसरीवर ह्यांनी शिकवणंही चालू केलं. पाच-सहा जण यायचे. त्यात एक कुणब्याचा मुलगा होता, अकोल्याकडचा. मामाबरोबर कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला आला आणि मामाकडेच राहिला. त्याला ओसरीवर बसू देत नसत. तो खालच्या पायरीवर बसायचा, पट वर असायचा, आणि मोहरं हलवायला त्याला हात उंच करावा लागायचा. दोन वर्षं तो तसाच हात उंच करून शिकला. बाकीचे पोथी ऐकल्यासारखे माना डोलवायचे. हा विचारायचा, "काहून?" ह्यांना त्याचा राग यायचा आणि त्याच्यावाचून करमायचंही नाही. पुढे त्याच्या बापाच्या काळ्या जमिनीनं घर भरलं, तसा तो परत गेला. अकोल्याच्या व्यापाऱ्यांना कळलं की आपल्यातही एक खेळणारा आहे, आणि त्यांनी आमच्या शेठला निरोप धाडला की संक्रांतीनंतर दोघांचा एक डाव होऊन जाऊ द्या.

आमच्या देशी खेळाच्या दोन गोष्टी इथे सांगायला हव्यात, कारण आता पोरं विलायती तऱ्हेनं खेळतात. पहिली गोष्ट प्यादेमात. वजिरानं मात केली, हत्तीनं केली, तर ती साधी. प्याद्यानं केली तर तिचा मान सर्वांत मोठा. दुसरी गोष्ट बुर्जी. समोरच्याची सगळी मोहरी तुम्ही मारली आणि त्याचा राजा एकटा उरला, तर तुम्ही जिंकत नाही, डाव बरोबरीत सुटतो. म्हणून मात होईपर्यंत त्याचं एखादं मोहरं जिवंत ठेवावं लागतं. हरणारा हुशार असला तर ते शेवटचं मोहरंही मुद्दाम तुमच्या तोंडात आणून घालतो. ह्याचा धडा ह्यांनी माझ्याकडून वहीत लिहून घेतला होता. घोड्यानं असा शह द्यायचा की समोरच्याला तो मारल्यावाचून गत्यंतर नाही. तो पायरीवरचा मुलगा ती वही मागून न्यायचा. पानं चुरगळू न देता परत आणायचा, एवढं मला आठवतं.

तिळगूळ घ्यायला मंडळी जमली होती तेव्हा शेठनं सगळ्यांसमोर विषय काढला. मी आतल्या दारात होते.

"पंडितजी, अकोल्याचा पोट्टा तुमचाच चेला नं?"

"माझाच."

"मंग नुसती मात काय कामाची? प्यादेमात पायजे. झाली तं त्या दोन खोल्या जलमभर तुमच्या. नाई झाली तं मले पंडित कायले पायजे?"

मंडळी हसली. हेही हसले आणि म्हणाले, "होईल."

मला सहावा महिना होता. माहेरी वडील गेलेले, भावाच्या घरात भावजयीच्या माणसांनाच जागा पुरत नव्हती. त्या दोन खोल्या सोडून आम्हाला जायला कुठेही नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. खोलीत आल्यावर मी विचारलं, "होईल म्हणालात, ते कशाच्या जोरावर?"

"मी शिकवलंय त्याला. त्याच्या डोक्यात काय आहे ते मला ठाऊक आहे."

"तुमच्या डोक्यात काय आहे ते त्याला ठाऊक नाही का?"

"तू लिहायचं काम कर."

डावाच्या दिवशी सकाळपासून ओसरी भरली. अकोल्याची मंडळी एका बाजूला, आमची एका बाजूला. तो मुलगा आता पागोटं बांधून आला होता. त्याला ओसरीवर बसवलं, कारण आता तो अकोल्याच्या व्यापाऱ्यांचा माणूस होता. बसण्याआधी त्यानं ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं. एक कारकून प्रत्येक खेळी मोठ्यानं पुकारत होता. आम्ही बायका माजघरात. शेठाणीला बाहेर काय चाललंय ते कळावं म्हणून मी तिच्यापुढे आमचा जुना पट अंथरला आणि कारकून पुकारील तशी मोहरी हलवत गेले.

शेठाणी तुरीच्या शेंगा सोलत होती. बाई जाडजूड, तोंडानं फटकळ, मनानं वाईट नव्हती. "मायाच नवऱ्याले घोडा नि गाढव वेगळं ओयखता येत नाई," ती म्हणाली, "नि तो पाह्य कसा लोडाले टेकून बसला. बाई, कोन जिंकून राहिलं?"

"आपले."

"मंग तू काहून अशी बसली, सुतकात बसल्यावानी?"

दुपारपर्यंत डाव आमच्याच बाजूचा होता. हे सुरेख खेळले, ते मी नाकारत नाही. एकेक करत त्याची मोहरी गेली. शेवटी त्याच्याकडे राजा आणि एक घोडा, एवढंच उरलं. आमचे दोन्ही हत्ती उभे होते, उंट होता, प्यादी होती. ह्यांचा राजा कोपऱ्यात, आपल्याच मोहऱ्यांच्या गर्दीत. पटावर मला सरळ दिसत होतं, हत्ती शेवटच्या ओळीत न्या, दुसऱ्या खेळीला मात. डाव संपला, खोल्या राहिल्या. नुसती मात झाली असती तर शेठ कुरकुरले असते, पण जिंकलेल्या माणसाला भर सभेतून हाकलायची त्यांची छाती नव्हती.

कारकुनानं पुकारलं, "प्यादं पुढं."

मी प्यादं पुढं केलं. शेठाणी म्हणाली, "काय झालं?"

"हत्ती न्यायला पाहिजे होता."

"मंग नेला काहून नाई?"

"शेठना प्यादेमात पाहिजे."

"त्याले काय, उद्या चांदबी पायजे म्हनन."

कारकुनानं पुकारलं, घोडा अमक्या घरात. मी तो घोडा ठेवला. घोडा पळत नव्हता. तो ह्यांच्या राजाकडे निघाला होता. पुढच्या उडीत शह. राजाला हलायला घर नाही, घोड्याच्या शहापुढे आडवं काही घालता येत नाही, उंटानं त्याला मारायचं एवढंच उरणार, आणि मारला की त्याचा राजा एकटा. माझ्या अक्षरातला धडा घर-घर तसाच येत होता. अजून एक खेळी हातात होती. राजाशेजारचं एक मोहरं बाजूला केलं असतं तरी पुरे होतं. भिंतीपलीकडे वीस हातांवर माझा नवरा बसला होता. मी ओरडले असते तर बाईनं डाव नासवला म्हणून जन्मभर ऐकावं लागलं असतं, म्हणून मी ओरडले नाही. त्याचा राग माझा मलाच आहे आणि तो मी कोणाला देत नाही.

"प्यादं पुढं," कारकुनानं पुकारलं.

मग घोडा आला. शह. मग उंटानं घोडा मारला आणि अकोल्याच्या मंडळींनी एकदम गलका केला, "बुर्जी, बुर्जी."

शेठाणीनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "म्हंजे हारलो का?"

"नाही. बरोबरी."

"मंग आनखी काय पायजे?" ती म्हणाली. तिला समजलं नव्हतं, किंवा आपला नवरा आता काय करील ह्याचं तिला भान नव्हतं.

दाराच्या फटीतून मी पाहिलं. तो मुलगा पुन्हा ह्यांच्या पाया पडत होता आणि हे पाय मागे घेत होते. शेठ पान चघळत होते. त्यांनी पिंक टाकली, उठले, आणि जाता जाता, जणू हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "पंडितजी, मागच्या खोल्या सरकीसाठी लागतीन आमाले. जागा पुरून नाई राहिली."

दुसऱ्या दिवशी उजाडताच गडी आले. आम्ही आत असताना त्यांनी बाहेरच्या खोलीत सरकीची पोती रिकामी करायला सुरुवात केली. माझी पाण्याची घागर, पाटा, ह्यांच्या वह्या, सगळ्यांवर सरकी. मी वह्या उपसून काढल्या. का काढल्या, कोण जाणे.

"शह यायच्या आधी दिसलं नव्हतं का?" मी विचारलं.

"दिसलं होतं."

"दिसलं होतं?"

"घोडा पहिल्यांदा उडाला तेव्हाच. मला वाटलं, माझ्यावर नाही करणार तो. मी त्याचा गुरू आहे."

मी आजवर पुष्कळ मूर्खपणा पाहिला आहे. दारुड्यांचा पाहिला, सट्टेवाल्यांचा पाहिला. पण समोरचा पाया पडतो म्हणून तो आपल्याला मारणार नाही, असं समजून पोटातल्या पोराचं छप्पर पणाला लावणं, असला मूर्खपणा फक्त शिकलेल्या माणसालाच सुचतो.

आम्ही सामान घेऊन गल्लीत उभे होतो तेव्हा तो मुलगा आला. बरोबर बैलगाडी. लांबूनच हात जोडून उभा राहिला.

"गुरुजी, अकोल्याले चला. माया घरी नाई म्हनत मी. देवयाच्या मागं एक घर रिकामं हाय. तुमी पोरं शिकवा. कोरडा शिधा धाडत जाईन."

हे म्हणाले, "तू माझ्यावर माझाच डाव केलास."

"गुरुजी, तुमीच सांगतलं होतं, समोर कोन बसला ते पाहू नका, पट पाहा. मी पट पाह्यला."

"ज्यानं मला रस्त्यावर आणलं त्याच्या शिध्यावर मी जगू? कुणब्याच्या?"

मुलगा खाली पाहू लागला. मला तेव्हा असा संताप आला की पोटात पोर हललं. मी म्हटलं, "रस्त्यावर ह्यानं नाही आणलं. शेठनं आणलं, आणि त्याच्याआधी तुमच्या 'होईल'नं आणलं. दोन वर्षं हा पायरीवर बसला, तो तुमच्या मानाखातर. शेठच्या धान्याची जात कधी विचारली नाहीत, ह्याचीच कशी आठवली?"

गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. नवऱ्याला चारचौघांत असं बोलणारी मी तिथली पहिलीच असेन. हे म्हणाले, "मी येणार नाही."

"नका येऊ," मी म्हटलं, आणि घागर, पाटा, वह्या गाडीत टाकून वर चढले. मुलगा घाबरला. "माय, गुरुजींशिवाय मी तुमाले कसा नेऊ?" मी म्हटलं, "बैल हाक. वडिलांच्या गावापर्यंत तरी सोड." तिथे मला जागा नव्हती, ते मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं.

बडनेऱ्यापर्यंत मी मागे पाहिलं नाही. मुलगाच सांगत होता, "गुरुजी मांगं येऊन राहिले. पायीच येऊन राहिले." येऊ दे म्हटलं. कापसाच्या गाड्यांनी रस्त्यावर घोट्याएवढा फुफाटा झाला होता, त्यातून ते उपरणं तोंडाला लावून येत होते. गाडीत बसा म्हणायला तो मुलगा दोनदा उतरला, दोनदा परत आला.

दुपारी विहिरीपाशी बैल सोडले. मी तीन दगड मांडून भाकरी टाकायला बसले. हे दहा हातांवर दुसऱ्या झाडाखाली. मुलगा मध्येच घुटमळत होता. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "दुसऱ्यांदा प्यादं हलवाच्या आंधी हत्ती बाजूले घेतला असता, तं मी काय केलं असतं?"

हे झाडाखालूनच म्हणाले, "हत्ती नाही. हत्ती घेतला तर तुझा घोडा दुसरीकडून शह देतो. डावीकडचं प्यादं."

"प्यादं कसं, गुरुजी?"

हे उठून आले. काडीनं धुळीत चौसष्ट घरं आखली. खडे, सरकीचे दाणे, बैलाच्या गळ्यातल्या माळेचे दोन मणी, असं सगळं मांडलं. दोघं धुळीत बसले, समोरासमोर, एका पातळीवर. माझ्या भाकरी झाल्या, गार झाल्या. बैलांनी कडबा संपवला. ते दोघं चूक शोधत होते, आणि सापडली तेव्हा दोघंही खुश झाले. खुश. माझं घर गेलं होतं आणि हे दोघे त्यात काय सुंदर होतं ते बघत होते.

मी तिथे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "एक सांगते. आजपासून कोणाच्या ओसरीवर कोणासाठी खेळायचं नाही. शिकवायचं. हे कबूल असेल तर भाकर खा आणि गाडीत बसा. नसेल तर इथून तुमची वाट वेगळी."

"खेळायचं नाही तर मी कोण?" ते म्हणाले.

"मास्तर."

त्यांनी भाकर मागितली. गाडीत मात्र लगेच बसले नाहीत. मूर्तिजापुराच्या अलीकडे पाय सुजले तेव्हा बसले.

पुढे अमेरिकेतली लढाई मिटली, कापूस पडला, शेठ बुडाले, अशा बातम्या अकोल्याला येत गेल्या. मला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. ह्यांनी अकोल्यात देवळाच्या ओवरीत तीसेक वर्षं मुलं शिकवली. कुणब्यांची, वाण्यांची, वकिलांची, सगळी एका जाजमावर, कारण पायरीवर कोणी बसणार नाही हीसुद्धा माझी अट होती. नागपूरहून, हैदराबादेहून खेळायची बोलावणी आली. हे माझ्याकडे पाहायचे, मी नाही म्हणायचे. इतका मोठा खेळणारा, बायकोनं घरी बसवला, असं लोक बोलायचे आणि अजून बोलतात. बसवलाच.

अकोल्याला आलो त्याच उन्हाळ्यात मुलगी झाली, त्या दुपारी हे ओवरीत होते. सुइणीनं निरोप धाडला. ह्यांनी उलट निरोप धाडला की मुलांचा डाव अर्धा आहे, संपला की येतो. मी खाटेवर पडल्या पडल्या शिव्या घातल्या आणि दुसरा निरोप धाडला की आत्ता या, नाहीतर पट चुलीत घालते. तेव्हा आले. हात न धुता पोरीला घ्यायला लागले, तर मी त्यांना आधी विहिरीवर पाठवलं.